टायरचा माग

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दूधवाल्यानं माप टाकलं की मी दुधात बोट बुडवून बघते. एसटीचा कंडक्टर "पुढं जागा आहे" म्हणाला की मी मागं बघते. घरातले हसतात. हसू देत. ज्यांचं अख्खं गाव पाण्याखाली गेलं, त्यांनी संशय धरायचा नाही तर कुणी धरायचा?

शिनोलीच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी धरणाचं पाणी पसरलंय. त्याच्या तळाशी आमचं जुनं गाव. बदली जमीन मिळाली ती लांब, अन् खडकाळ. म्हणून आम्ही काही घरं वर माळावरच राहिलो. आधार होता तो गाळपेरीचा. गाळपेर म्हणजे काय, तर दिवाळीनंतर धरणाचं पाणी ओसरायला लागतं आणि काठाची काळी, लोण्यासारखी जमीन उघडी पडत जाते. त्या ओल्या गाळात पेरायचं. वर हरभरा, त्याच्या खाली गहू, अन् उन्हाळ्यात अगदी पाण्यालगत काकडी, कलिंगड. पाणी मागं सरकतं तसे आपण पुढं. पावसाळा आला की सगळं परत पाण्यात. ज्यांची जमीन बुडाली त्यांना अशी एकेक पट्टी वर्षाच्या बोलीवर मिळायची. आमची सगळी शेती म्हणजे ती एक पट्टी. ती गेली असती तर आमच्याकडं जमीन म्हणून कुंडीतली तुळससुद्धा नव्हती, कारण तुळस आमच्यात कुणी लावत नाही!

आता अडचण अशी, की गाळात बांध टिकत नाही. दगड रोवला तर पुढच्या वर्षी तो गडप. म्हणून हद्द ओळखायची ती नजरेनं. वर, जिथं पाणी पोचत नाही, तिथं एक फुटका धोंडा होता. त्याच्यावर उभं राहायचं अन् खाली पाण्यातल्या एका खुणेवर नजर लावायची. धोंडा ते खूण, सरळ रेघ. रेघेच्या उजवीकडं आम्ही, डावीकडं शेजारी.

पहिल्या वर्षी पाटबंधारे खात्याचा माणूस कागद घेऊन आला. कागदात होतं, फुटक्या धोंड्यापासून जुन्या विहिरीकडं सरळ. विहीर तर तोवर बुडालेली. त्यानं विचारलं, "विहीर नेमकी कुठं आली?"

पाण्यातून एका वाळक्या चिंचेचं खोड डोकं काढून उभं होतं. माझ्या सासूबाईंनी तिकडं बोट केलं. "ती काय! चिंचेखालीच इहीर. जलम गेला माजा तिथं पाण्यासाठी हुबं ऱ्हाऊन."

विहीर शेजाऱ्याच्या घराण्याची. म्हणून खात्याच्या माणसानं शेजाऱ्याला विचारलं, "बरोबर आहे का हो?"

शेजारी गप्प. पाण्याकडं बघत राहिले. चांगलं बिडी विझेल एवढा वेळ गेला. मग म्हणाले, "लिवा."

ते गप्प राहणं माझ्या डोक्यात जे रुतलं, ते रुतलंच. खरं असेल तर माणूस लगेच हो म्हणतो. खोटं असेल तर नाही म्हणतो. मधे थांबतो तो हिशेब करतो. म्हणलं, ह्या माणसाच्या पोटात काहीतरी आहे.

शेजारी आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. जुने जमीनवाले. बायको वारलेली, मुलं पुण्याला. बोलणं कमी. आणि आमचं त्यांचं जुनं काय होतं, तेही सांगते. आम्ही बौद्ध. सासऱ्यांनी दीक्षा घेतलेली, घरात बाबासाहेबांचा फोटो, पोरं शाळेत. तरी मी लग्न होऊन आले तेव्हासुद्धा त्या विहिरीवर आमच्या बायका चढत नव्हत्या. खाली उताराला एक चपटा दगड होता. त्यावर हंडे मांडून उभं राहायचं, आणि वरून कुणी ओतलं तर घ्यायचं. पुढं हातपंप आला, मग विहिरीचं कुणाला अडलं नाही. पण त्या दगडावर तळपाय भाजायचे, ते कसं विसरायचं? अशा घरचा माणूस आमचा शेजारी. एकाच गाळात, एका रेघेच्या अल्याड-पल्याड.

चार-पाच वर्षं बरी गेली. मग एका फेब्रुवारीत, मी अन् माझी धाकटी जाऊ सकाळी पट्टीवर उतरलो, तर ओल्या गाळात सायकलचा माग. सरळ आमच्या पट्टीतून गेलेला. काठाला सायकल फिरवणारे एकटे शेजारीच. साधा माग नव्हता. मागच्या टायरला फाटल्या जागी जुन्या टायरचा तुकडा बांधलेला असावा, कारण दर फेऱ्याला चिखलात एक आडवा ठसा उठलेला. नागमोडी रेघ, मग ठसा. परत रेघ, परत ठसा. आणि हद्दीपासून सात-आठ पावलं आत, आमच्या बाजूला, तीन दगड मांडलेले. मुठीएवढे, तिकोनी.

"ही खूण हाय," मी म्हणलं. "हद्द सरकवायची खूण."

जाऊ म्हणाली, "पोरांनी खेळ मांडला आसंल."

"पोरं दगड फेकत्यात. मांडत न्हाईत."

मी ते तिन्ही दगड उचलले आणि लांब पाण्यात भिरकावले. तिसरा पाण्यात पडायच्या आत डोक्यावरून एक टिटवी ओरडत गेली. कानाशी येऊन, परत वर, परत खाली. नुसता कलकलाट. मला वाटलं, पाण्यात दगड पडला म्हणून चिडली.

आमचे हे तेव्हा घोडेगावला शाळेत शिपाई. संध्याकाळी आल्यावर सांगितलं, तर म्हणाले, "अगं, आस्तील कुणाचे तरी दगड. दगडाचं बी आता वाकडं का?"

"तुमी शाळेची घंटा वाजवा. पट्टीचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी मी जाऊला घेऊन माग काढत निघाले. पायी. तोवर मी काठाकाठानं कधी फिरले नव्हते. आपली पट्टी, आपलं काम, आपलं घर. आता मागाच्या नादानं बघते तर काठ हे एक वेगळंच गाव! पाणी डोंगराच्या प्रत्येक घळीत शिरलेलं, त्यामुळं काठ सरळ कुठं जातच नाही. हाताच्या बोटांसारखा आत-बाहेर, आत-बाहेर. समोर दिसणारी जागा हाकेच्या अंतरावर, पण चालत जायला अर्धा तास. कोरड्या गाळाला भेगा, पाऊल टाकलं की पापडासारखा मोडायचा. ओल्या गाळाला पोट असतं, पाय आत ओढून घेतो. कुठं पाणकणसाची दाटी, कुठं बेशरमाची झाडं. लाल काड्यांसारखे लांब पाय असलेले पक्षी पाण्यात उभे, जणू कुणी लुगडं वर खोचून गुडघाभर पाण्यात शिरलंय. मी त्यांच्याकडंही संशयानंच बघितलं. काय टिपताय रे, म्हणलं.

एका ओहोळाशी जाऊनं माझा दंड धरला. "बाई गं, ह्यो बघ!" चिखलात बिबट्याचे पंजे. ताजे. पाण्यापर्यंत गेलेले आणि परत फिरलेले.

मी म्हणलं, "आसू दे. टायर कुठं गेला ते बघ."

"वाघाचा माग सोडून सायकलीचा माग काढणारी तू एकटीच!"

"वाघ काय पट्टी मागायला येत न्हाई."

पुढं आणखी दोन ठिकाणी तसेच तीन-तीन दगड सापडले. एक दुसऱ्याच कुणाच्या पट्टीत, एक पडीक काठाला. माझा संशय वाढला. हा माणूस सगळा काठच आखतोय की काय? खात्यात कुणाला धरून सगळी गाळपेर आपल्या नावावर करायची असेल तर? ऊन चढलं, पाणी संपलं, आम्ही परत फिरलो. पायी त्या सायकलीला गाठणं शक्य नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं.

घरात लेकीची लेडीज सायकल होती. लेक नर्सिंगला पुण्याला गेलेली, सायकल भिंतीला टेकून. मी तेव्हा सत्तेचाळीसची. जाऊला म्हणलं, "कॅरिअर धर."

ती खालीच बसली हसून हसून. "आगं, हात मोडला तर भाकऱ्या कोन थापंल?"

"तू हायेस की."

"म्हंजी मोडनार तुझा हात, अन् शिक्षा मला?"

गाळपेरीच्या कोरड्या गाळासारखी सायकल शिकायला दुसरी जागा नाही. पडलं तरी लागत नाही, नुसती धूळ. शेतात मी नऊवारीच नेसायची, काष्ट्यामुळं पायडलला अडचण नव्हती. जाऊ मागून पळायची अन् ओरडायची, "म्होरं बघ! म्होरं! चाकाकडं काय बघतीस, चाक कुठं जातंय?" मी चाकाकडंच बघायची, कारण चाकावर माझा विश्वास नव्हता. आठ दिवसांनी तिनं हात कधी सोडला ते मला कळलंच नाही. बरंच पुढं गेल्यावर मागून तिचा आवाज लांबून आला, तेव्हा कळलं, आणि त्या क्षणी मी बेशरमाच्या झाडात गेले.

मग सुरू झाला पाठलाग. पहाटेची कामं उरकून मी सायकल काढायची. ओला माग असला की तो आजचा, कड वाळलेली असली की कालचा, ठशात शेण पडलेलं असलं की गुरं यायच्या आधीचा. असं सगळं मला कळायला लागलं. हळूहळू वाटही पाठ झाली. कुठं गाळ कडक आहे अन् चाक पळतं, कुठं उतरून सायकल खांद्याला मारायची, कुठल्या ओहोळाला चपटे दगड आहेत. एका सकाळी पाणी आरशासारखं होतं आणि भगव्या रंगाची बदकं जोडीनं त्यावर बसलेली. मी थांबले. किती वेळ थांबले कुणास ठाऊक. मग एकदम वाटलं, आपल्याला इथं गुंगवून तो पट्टीत गेला तर? मारलं पायडल.

शेवटी एक दिवस शेजारी दिसले. पडीक काठाला सायकल आडवी टाकलेली, आणि स्वतः उकिडवे बसलेले. हात जमिनीवर. मी बेशरमाच्या आड. म्हणलं, आता सापडलास! त्यांनी इकडं-तिकडं बघितलं, तीन दगड मांडले, उठले, अन् सायकल घेऊन गेले. टिटवी डोक्यावर ओरडतच होती.

मी जाऊन बघितलं. दगडांच्या मधे चार अंडी. मातीच्याच रंगाची, काळे ठिपके. नुसत्या डोळ्याला दिसायचीसुद्धा नाहीत. घरटं कसलं, नुसता खळगा अन् चार खडे. कुणाचा कुळव, कुणाचा पाय पडू नये म्हणून तीन दगड.

मी तिथंच खाली बसले. कारण आमच्या पट्टीतले दगड फेकल्यावर तिथं मी दोनच दिवसांनी कुळव घालायला लावला होता. बैलांच्या खुराला पिवळं चिकटलेलं मी बघितलं होतं, आणि काय ते न बघता पुढं गेले होते.

पुढच्या वेळी वाटेत गाठ पडली. मी सायकलवरून उतरले. उतरायला मला तेव्हा उडीच मारावी लागायची.

"भाऊ, ते दगड टिटवीचे का?"

त्यांनी माझ्या सायकलीकडं बघितलं. "शिकलात म्हना."

"इचारलं ते सांगा."

"टिटवीचे. वडलांपासून बघतोय आमी. अंडी वर घातली तर पानी लई चढनार. खाली घातली तर पाऊस हात आखडनार. येवढं सांगती ती, तर तिची अंडी तुडवायची का?" मग सायकल वळवत म्हणाले, "तुमच्या पट्टीत एक व्हतं."

"व्हतं," मी म्हणलं. ते निघून गेले.

आता तुम्ही म्हणाल, झालं, संशय फिटला. कसला फिटतोय! पाखरांशी सरळ वागणारा माणूस माणसांशी सरळ वागतोच असं कुठं आहे? त्यांच्या बापजाद्यांनी मुंग्यांना साखर घातली असेल, पण आम्हाला पाणी वरूनच ओतलं. दगडांचं उत्तर मिळालं. पण पहिल्या वर्षी ते गप्प का राहिले, त्याचं उत्तर नव्हतं मिळालं. म्हणून माझी फेरी काही थांबली नाही. टिटवीची घरटी मीही ओळखायला शिकले, आणि रोज धोंड्यावर उभी राहून चिंचेवर नजर लावायचीही चुकवली नाही. हद्द बरोबर असायची. एक वीतसुद्धा इकडं-तिकडं नाही. त्यामुळं तर जास्तच राग यायचा.

दोन हजारनंतरची गोष्ट. एका उन्हाळ्यात ते रस्त्यात म्हणाले, "औंदा टिटव्या लई खाली उतरल्यात." आणि खरंच पाऊस दगा देऊन गेला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पाणी एवढं ओसरलं, की जे कधी दिसलं नव्हतं ते दिसायला लागलं. आधी देवळाची पायरी, मग घरांची जोती, मग आमच्या वस्तीतला हातपंप, गंजलेला, अन् एक दिवस जाऊ धावत आली. "इहीर उघडी पडली!"

मी एकटीच गेले. सायकल गाळात जिथवर आली तिथवर नेली, मग पायी. आधी पाय गेले ते सवयीनं आमच्या चपट्या दगडावर. गाळानं माखला होता, पण तोच. त्यावर उभी राहिले अन् वर बघितलं. विहिरीचा कठडा, आणि त्याच्या बरोबर मागं चिंचेचं खोड. एकात एक. जणू विहिरीतूनच चिंच उगवलीय. सासूबाई काही खोटं बोलल्या नव्हत्या.

मग मी वर चढले. चार पावलांचा चढ. तो चढायला मला पस्तीस वर्षं लागली. कठड्याला हात लावला. गार होता. आणि मान वळवली तर चिंच तिथं नव्हतीच. ती पलीकडं होती, लांब, शेजाऱ्याच्या बाजूला. मी पावलं मोजली. अठरा. खालून एकात एक दिसणारी ती दोघं वरून एकमेकांची कुणी लागत नव्हती.

कठड्यापाशी येऊन मी फुटक्या धोंड्याकडं नजर लावली. खरी रेघ ही. कागदातली. आणि त्या रेघेच्या पलीकडं, शेजाऱ्याच्या जमिनीत, आमच्या काकडीचे वेल पसरलेले. वर धोंड्यापाशी काहीच नाही, पण खाली येता येता रुंद होत गेलेली, पाचरीसारखी जागा. शेवटाला चांगली दहा पावलं. आठ-नऊ वर्षं जी चोरी मी त्यांच्या पायाखाली शोधत होते, ती माझ्या पायाखाली होती.

मागं घंटी वाजली. वळून बघायची गरज नव्हती.

"चढलात का वर?"

"चढले. आता कुनाला इचारायचं ऱ्हायलं न्हाई."

"बरं केलं."

"भाऊ, चिंच हितं न्हाई."

"न्हाई. ती तिथं हाये."

"मग तवा का बोलला न्हाईत? खात्याचा मानूस इचारत व्हता तुमाला."

गाळातून ढकलत आणलेली सायकल त्यांनी कठड्याला टेकवली. मागच्या टायरवरचा तो बांधलेला तुकडा मी पहिल्यांदा जवळून बघितला.

"गाव उठलं तवा," ते म्हणाले, "सामान भरून झालं. गाडीला उशीर व्हता. मी त्या तुमच्या दगडावर जाऊन हुबा ऱ्हायलो. का ते मला ठावं न्हाई. तिथून चिंच अन् इहीर एकच दिसती. तुमच्या सासूबाईंनी बोट केलं, तवा मला कळलं त्या कुठनं बघत व्हत्या." ते पाण्याकडं बघायला लागले. तसेच, त्या पहिल्या वर्षीसारखे. "मग काय सांगायचं व्हतं मी? तुमाला वर येऊ दिलं न्हाई, म्हनून तुमाला ठाव न्हाई, आसं कागदात लिवा म्हनू?"

मी म्हणलं, "अन् आज कशापायी सांगताय?"

"मी कुठं सांगितलं? तुमीच चढलात."

"जमीन तुमची हाये. घ्या."

"ऱ्हाऊ द्या."

"आमाला फुकट नको."

"मला बी नको."

मी तिथूनच पट्टीवर गेले अन् काकडीचे वेल उपटायला लागले. फुलं होती त्यांना. जाऊ आली, तिला वाटलं मला ऊन लागलंय. सगळं सांगितल्यावर तीही खाली बसली अन् उपटायला लागली. आमच्या ह्यांना रात्री सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "म्हंजे इतकी वर्षं तू चोराच्या मागं सायकल घेऊन फिरत व्हतीस, अन् कॅरिअरवर चोरच बसला व्हता." चिडायला हवं होतं, पण हसूच आलं.

पुढच्या वर्षी पाणी परत चढलं, विहीर बुडाली. मी खरी रेघ धरून पेरलं. शेजाऱ्यांनी मात्र चिंचेची रेघ धरून पेरलं. मधली पाचर ना त्यांची, ना आमची. मी त्यांना सांगून बघितलं, त्यांनी मान हलवली आणि पायडल मारलं. तिथं लव्हाळा माजला. मार्चात बघते तर त्यातल्या उघड्या जागेत तीन ठिकाणी टिटवीची अंडी.

जाऊ म्हणाली, "दोगं बी हट्टी. फावलं कुनाचं, तर पाखराचं."

आता शेजारीही नाहीत. माझ्यानं सायकल होत नाही, गुडघे धरतात. पण संशय काही वयाबरोबर जात नाही. कधी कधी दुपारी पडल्या पडल्या मनात येतं, ते दगडावर उभे राहिल्याचं त्यांनी खरं सांगितलं असेल का? साक्षीला कुणी नव्हतं. चांगलं दिसावं म्हणून माणूस काहीही बोलतो.

मग मी परत सगळं तपासते, माग तपासावा तसं. विहीर त्यांची. ते जन्मभर वर वावरलेले. वरून चिंच अन् विहीर अठरा पावलं लांब दिसते. खालून ती एक दिसते, हे वरच्या माणसाला कळायचं कसं? आमच्या बायकांना कुणी कधी विचारलं नव्हतं, अन् आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. ते कळायला त्या दगडावर उभंच राहावं लागतं.

म्हणजे ते उभे राहिले होते. एवढं एक माझ्या संशयातून सुटलं.